११ नोव्हेंबरची सुट्टी आणि आमच्या पोराचा प्रश्न

लीलवाली | ६ नोव्हेंबर २०२५, रात्री

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तर सरळ शेवटचा प्रश्न वाचा.

आम्ही उत्तर फ्रान्समध्ये लीलच्या जवळ एका खेड्यात राहतो. खेडं म्हणजे अगदी खेडं, एक चर्च, एक बेकरी, एक शाळा आणि चर्चसमोर एक दगडी खांब. असा खांब इथे जवळपास गावोगावी असतो, पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावच्या पोरांची नावं त्यावर कोरलेली. आमची वस्ती आज जेमतेम हजार आणि खांबावर नावं एक्केचाळीस, त्यात एकाच आडनावाचे तिघं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं गावच्या देणगीदारांची यादी असेल, आपल्या देवळात असते ना तशी. हसू नका.

तर ११ नोव्हेंबर. १९१८ साली या दिवशी सकाळी ११ वाजता लढाई थांबली म्हणून इथे राष्ट्रीय सुट्टी. यंदा मंगळवारी आलीय त्यामुळे ऑफिसात निम्म्या लोकांनी सोमवारची रजा टाकलीय, याला इकडे 'पूल करणं' म्हणतात, आपण जोडून सुट्टी मारतो तेच. मी इतकी वर्षं त्या दिवशी फक्त झोपायचे आणि दुपारी बिर्याणी. या वर्षी मात्र चिरंजीवांच्या शाळेतून चिठ्ठी आली. वय वर्षं नऊ. खांबासमोर वर्गातल्या मुलांनी नावं वाचायची, एकेक नाव झालं की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात 'मॉर पूर ला फ्रांस' म्हणायचं, म्हणजे फ्रान्ससाठी मेला. याच्या वाट्याला दोन नावं आलीत. गेले चार दिवस मी पोळ्या लाटतेय आणि हा ओट्याला टेकून नाव म्हणतोय आणि मी लाटणं हातात धरून 'मॉर पूर ला फ्रांस', परत नाव, परत मी. तवा करपला एकदा.

आणि काल मध्येच थांबून म्हणाला, "आई, आपल्या गावच्या खांबावर कोणाची नावं आहेत?"

मी म्हटलं आपल्याकडे खांब नसतो रे. तर म्हणे का, आपले कोणी मेले नाहीत का. मी मिरजेकडची, मला खरंच उत्तर आलं नाही. कोणी सांगेल का, नऊ वर्षांच्या पोराला कळेल असं?

---

खडकी_बाजार | ६ नोव्हेंबर

छान धागा. आपले मेले की, आणि तुमच्या घरापासून फार लांब नाही. लीलहून न्यूव्ह शापेल गाठा, गाडीने अर्धा तास. तिथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, ४,७०० च्या वर नावं आहेत, ज्यांचं थडगंसुद्धा नाही अशांची. १९१४ च्या सप्टेंबरअखेर आपली पलटण मार्सेय बंदरात उतरली आणि महिन्याभरात थेट चिखलात, अंगावर उन्हाळी कपडे.

आम्ही खडकीचे म्हणून आम्हाला यातला एक किस्सा पाठ आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गाव परत घ्यायला ४७ वी शीख आणि खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या पाठवल्या. सॅपर म्हणजे मूळचं काम पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं. त्यांना त्या दिवशी पायदळासारखं संगिनी लावून घराघरात घुसवलं. गाव घेतलं, पण मागून कुमक आलीच नाही आणि परत सोडावं लागलं. दोन्ही कंपन्यांची पार वाताहत झाली. या थर्ड सॅपर्समध्ये, म्हणजे बॉम्बे सॅपर्समध्ये, मराठे बरेच, तेव्हा पोराला सांगा की आहेत, आपल्या पुण्याहून गेलेले आहेत.

---

तिरकस | ७ नोव्हेंबर

मी नेहमीप्रमाणे वाकडं बोलणार. ती लढाई आपली होती का? साहेबाच्या पगारावर साहेबासाठी मेले, वाईट वाटतं, पण सुट्टी बिट्टी, फुलं बिलं, कशाला? जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली, टिळक बोलायला उभे राहिले, स्वराज्याचा विषय काढला की लगेच त्यांना अडवलं आणि ते उठून बाहेर पडले. माणसं पाहिजेत पण बोलणं नको. आणि ११ नोव्हेंबरनंतर मोजून पाच महिन्यांत काय मिळालं, जालियनवाला. १३ एप्रिल १९१९. पोराला हेही सांगा.

---

ओसाडगावची_पाटलीण | ७ नोव्हेंबर

तिरकस, बरोबर आहे हो, पण मेलेल्याला कुठे विचारलं होतं कोणी की बाबा तुझं राजकीय मत काय. दुष्काळी पट्ट्यातला पोरगा अकरा रुपये महिना मिळतो म्हणून गेला. फ्रान्सच्या त्या खांबावरचे पण शेतकरीच असतील की, त्यांना तरी कुठे कोणी विचारलं.

---

अजिंक्यतारा | ७ नोव्हेंबर

लीलवाली ताई, खांब नसतो असं कसं म्हणता! आमच्या साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, नावातच मिलिटरी, अपशिंगे मिलिटरी. एसटीच्या पाटीवर पण तसंच. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले म्हणून इंग्रजांनी तिथे स्तंभ उभारला आणि गावाला ते नाव चिकटलं. अजून घरटी एक तरी फौजेत. माझी आत्या दिली आहे त्या गावात, तिच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा मेडलांची पेटी मोठी. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा पहिला प्रश्न मुलाचं युनिट कोणतं, शिक्षण नंतर.

पण एक आहे, आमच्याकडे म्हातारी माणसं फ्रान्सचं नाव घेत नाहीत. 'जर्मनची लढाई' म्हणतात आणि 'बसऱ्याला गेलता' म्हणतात. बहुतेक मराठे तिकडेच गेले, इराकात.

---

कुंभार्ली | ७ नोव्हेंबर, रात्री उशिरा

बसरा वाचून लिहायला बसले, झोप येत नव्हतीच.

माझ्या आजीचे आजेसासरे बसऱ्याला गेले होते. मराठा पलटण, पुणे डिव्हिजन. सहावी पुणे डिव्हिजन म्हणजे १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या, हे मला खूप नंतर वाचून कळलं, घरात फक्त 'कूट'  एवढाच शब्द होता. जनरल टाउनशेंड त्यांना घेऊन बगदादकडे निघाला, हरला, मागे फिरला आणि कूट गावात ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. खायला काही उरलं नाही तेव्हा घोडी कापली, आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस तोंड लावलं नाही, मग इकडून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली. शेवटी तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली आणि त्यांना वाळवंटातून चालवत तुर्कस्तानात नेलं. त्यात कित्येक वाटेतच गेली. टाउनशेंड साहेब स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले.

आता ११ नोव्हेंबरचं सांगते. आमच्या माणसाची लढाई ११ नोव्हेंबरला संपलीच नव्हती. तुर्कांशी युद्धविराम आधीच झाला, ३० ऑक्टोबर १९१८, मुद्रोस बंदरात एका बोटीवर. आणि गंमत बघा, त्या बोलण्यांसाठी तुर्कांनी मध्यस्थ म्हणून सोडलं कोणाला, तर टाउनशेंडलाच.

आजी सांगायची की पणजीची सासू कुंकू लावायची, १९१९ ची दिवाळी झाली तरी लावत होती. तार आली नाही, पत्र नाही, पेन्शनचा कागद आला तेव्हा पुसलं. मग लढाई कुठल्या तारखेला संपली म्हणायची?

---

घड्याळजी | ८ नोव्हेंबर

कुंभार्ली, वाचून गलबललं.

तारखेवरून आठवलं म्हणून थोडी माझी आवडती किरकिर. सही काही ११ वाजता झाली नव्हती. पहाटे पाचच्या सुमारास झाली, कोंपियेनच्या जंगलात फ्रेंच सेनापती मार्शल फॉशच्या रेल्वेच्या डब्यात. तोफा बंद करायला सहा तास ठेवले. त्या सहा तासांतही माणसं मारणं चालूच राहिलं, दोन हजारांवर मेली त्या एका सकाळी. फ्रान्सचा शेवटचा मेलेला शिपाई ऑगस्तँ त्रेबुशों, मूळचा मेंढपाळ, निरोप्याचं काम करायचा. अकराला दहा मिनिटं कमी असताना गोळी लागली. खिशात निरोप काय, तर साडेअकराला जेवायला जमा. आणि सरकारी कागदावर त्याच्या मृत्यूची तारीख लिहिलीय १० नोव्हेंबर! बऱ्याच जणांचं म्हणणं की शेवटच्या दिवशी मेला हे घरच्यांना सांगायला जड गेलं असणार.

शिवाय तो नुसता युद्धविराम होता, तह नाही. तीनदा मुदत वाढवली, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला. आणि तोच डबा हिटलरने १९४० मध्ये संग्रहालयातून बाहेर काढून त्याच जागी उभा केला आणि फ्रान्सला त्यात बसवून सही घेतली. खुन्नस म्हणजे काय.

अजून एक, पॅरिसचे अकरा म्हणजे मुंबईत तेव्हा ३ वाजून ५१ मिनिटं, कारण मुंबई स्वतःची वेगळी वेळ पाळायची, रेल्वेच्या घड्याळात मात्र साडेचार. थांबतो.

---

खडकी_बाजार | ८ नोव्हेंबर

थांबू नका हो, तुमची किरकिर कामाची असते.

---

शेवंता_नगरकर | ८ नोव्हेंबर

आमच्या पणजोबांची एक वही आहे, दुकानाची, उधारीची. त्यात आश्विन-कार्तिक १८४० शके, म्हणजे तेच दिवस, पानंच्या पानं कोरी. दुकान बंद. लढाई संपली याचा एका अक्षराने उल्लेख नाही. गावात मानमोडी आली होती. १९१८ चा इन्फ्लुएंझा, आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. जूनमध्ये मुंबईत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खेडोपाडी, त्यात पावसाने पण दगा दिलेला. अख्ख्या युद्धात मेलेले भारतीय सैनिक ७४ हजारांच्या आसपास धरतात आणि मानमोडीने देशात गेले कोटीच्या वर. पॅरिसमध्ये लोक रस्त्यावर नाचत होते तेव्हा आमच्याकडे खांदा द्यायला माणूस नव्हता. म्हणून आपल्याला ती तारीख आठवत नाही असं मला वाटतं, दुसरं काही मोठं कारण शोधायची गरजच नाही.

जाता जाता, माझ्या नावाचं फूल तिकडे कोणाला देऊ नका म्हणे, खरं का ताई?

---

लीलवाली | ८ नोव्हेंबर

अगदी खरं! शेवंती इथे फक्त थडग्यांवर. पहिल्या दिवाळीला शेजारच्या मादामला मी हौसेने शेवंतीची कुंडी नेऊन दिली होती, ऑक्टोबरअखेर सगळ्या दुकानांबाहेर ढिगाने स्वस्त मिळते ना. बाईने हसून घेतली आणि संध्याकाळी नवऱ्याच्या थडग्यावर ठेवून आली. मला वर्षभराने कळलं.

तुम्ही सगळ्यांनी किती लिहिलंय. पोराला कूटचं सांगितलं, घोडी कापली हे ऐकून तो जरा गप्प झाला. त्याला टिळक उठून गेले ते फार आवडलं, वर्गात सांगणार म्हणे.

---

तिरकस | ८ नोव्हेंबर

घ्या, माझा पहिला चाहता.

बरं, सुट्टीबद्दल एक विचारतो, फ्रान्सवाले एवढे हळवे आहेत का खरंच? मी वाचलं होतं की मध्यंतरी एक सुट्टी काढूनच टाकत होते.

---

लीलवाली | ८ नोव्हेंबर

ती ८ मेची, दुसऱ्या महायुद्धाची. त्या बिचारीचे फार हाल झालेत. राष्ट्राध्यक्ष द गोलने १९५९ मध्ये सुट्टी काढून टाकली, मग पुढचे राष्ट्राध्यक्ष जिस्कारने १९७५ मध्ये जर्मनीशी मैत्री म्हणून तो दिवस पाळणंच बंद केलं, मग मितराँने १९८१ मध्ये परत आणली. या उन्हाळ्यात पंतप्रधान बायरू म्हणाले तिजोरीत पैसे नाहीत, ८ मे आणि ईस्टरचा सोमवार दोन्ही सुट्ट्या रद्द करू. जो काही गदारोळ झाला! बायरूंची खुर्ची गेली, पुढच्याने पहिली घोषणा काय केली, तर सुट्ट्या राहणार. आमच्या ऑफिसात डाव्यापासून उजव्यापर्यंत सगळे याच एका मुद्द्यावर एक झाले होते.

११ नोव्हेंबरला हात लावायची मात्र कोणाची हिंमत नाही. सुरुवातीला सरकारला आठवड्यातला कामाचा दिवस घालवायचा नव्हता म्हणून रविवारी ढकलून बघितलं, तर लढून आलेले लोकच भडकले. शेवटी १९२२ मध्ये कायदा करून ११ तारीखच पक्की केली. हे मला बेकरीवाल्या काकांनी सांगितलं, ते दर वर्षी झेंडा धरतात.

---

भीमाकाठ | ९ नोव्हेंबर

एक राहून गेलं. महार सैनिकांचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, म्हणे हे लढाऊ जातीचे नाहीत. कोरेगावचा स्तंभ उभा असताना! मग महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. आणि लढाई संपली, दोन-तीन वर्षांत पलटण मोडली. मग थेट १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट. म्हणजे बाकीच्यांसाठी ११ नोव्हेंबर म्हणजे सुटका, आमच्या आजोबांच्या पिढीला म्हणजे गणवेश उतरवा आणि परत गावकीच्या कामाला लागा. पोराला हे पण सांगा ताई, मोठा झाल्यावर सांगितलं तरी चालेल.

---

ओसाडगावची_पाटलीण | ९ नोव्हेंबर

हे मला माहीतच नव्हतं. धन्यवाद भीमाकाठ.

---

दाभोळखाडी | ९ नोव्हेंबर

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. खांबाचं म्हणताय, आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. लहानपणी आम्ही तिच्यावर पाय देऊन खिडकीत चढायचो. चुन्याचे इतके हात बसलेत की अक्षरं दिसत नाहीत, बोटाने चाचपली तर लागतात. आज भावाला पाठवलं, त्याने ओल्या गोणपाटाने आणि नारळाच्या काथ्याने तासभर घासली, फोटो आला. इंग्रजीत आहे, या गावातून ३१ माणसं महायुद्धाला गेली, १९१४ ते १९१९, त्यातली ४ प्राणाला मुकली. बस. नाव एकही नाही.

मला आधी वाटलं १९१९ ही चूक आहे. घड्याळजींचं वाचून कळलं की व्हर्साय धरलंय.

पण नावं का नाहीत हो?

---

घड्याळजी | ९ नोव्हेंबर

अशा पाट्या हिंदुस्थानभर लावल्या होत्या, मजकूर एकच, आकडा तेवढा बदलायचा. नावांचं दुखणं मोठं आहे. बसऱ्याचं स्मारक आहे ना, चाळीस हजारांवर माणसांचं, त्यात गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. फ्रान्समधल्या स्मारकावर मात्र सगळ्यांची नावं. ही थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये यावर अहवाल काढून माफी मागितली. युरोपात समान, बाहेर नाही, असा सगळा कारभार.

पण कागदोपत्री नावं होती, आणि आता कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येतात. नुसतं नाव टाकून उपयोग नाही, हजार गणपत येतील. जास्तीची माहिती म्हणून रकाना आहे, त्यात गाव, तालुका किंवा जिल्हा टाका. बऱ्याच जणांच्या पुढे वडलांचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. गावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाप्रमाणे, तीन-चार तऱ्हा करून बघा. आणि कोकणातले असाल तर बोटीवरचे विसरू नका, मस्जिद बंदरच्या खलाशांच्या सेलर्स होममध्ये दोन हजारांवर बुडालेल्यांचं स्मारक आहे, त्यात कोकण भरलंय.

---

लीलवाली | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी

झालं एकदाचं. सकाळी धुकं, पाच डिग्री, मेयर तिरंगी पट्टा लावून (त्यांचा तिरंगा), बेकरीवाले काका झेंडा घेऊन, बिगुल मोबाइलवरून स्पीकरला जोडलेलं आणि ते मध्येच अडकलं. साधारण साठ माणसं. पोरांनी नावं वाचली. आमच्याने पहिलं नाव नीट घेतलं, दुसऱ्याला आवाज चिरकला, पण सगळे म्हणाले 'मॉर पूर ला फ्रांस', आणि मी पण, चार दिवसांच्या सवयीने सगळ्यांच्या आधी आणि मोठ्याने. मग पालिकेत वाइन आणि ब्रिओश.

तिथून थेट न्यूव्ह शापेल. ला बॉम्बच्या चौकात आहे, मी त्या रस्त्याने शंभरदा गेले असेन आणि मला वाटायचं कुठल्या बागेची भिंत आहे. गोल आवार, दगडी जाळी अगदी आपल्याकडच्या वाड्यासारखी, मध्ये उंच खांब आणि वर कमळ, खाली दोन वाघ. पोराने आधी वाघांवर हात फिरवला. मग आम्ही सॅपर्स अँड मायनर्स शोधलं. नावं इंग्रजीत, बऱ्याच ठिकाणी एकच शब्द, आडनाव नाही काही नाही, त्यामुळे मराठी कोण ते सांगता येईना. तो म्हणाला सगळीच वाचू. वाचायला लागला, फ्रेंच उच्चारात! मी दुरुस्त करत होते, तो परत म्हणत होता. शेवटी प्रत्येक नावानंतर काय म्हणायचं यावर आमचं अडलं. 'फ्रान्ससाठी' म्हणायचं तर ते इंग्रजांच्या फौजेत, 'इंग्लंडसाठी' त्याला पटेना, 'भारतासाठी' म्हणताना मला तिरकस आठवले. मग त्याने स्वतःच ठरवलं, नुसतं नाव घ्यायचं आणि मी 'हो' म्हणायचं. हजेरीसारखं. तीन ओळी झाल्या आणि पाऊस आला.

---

तिरकस | ११ नोव्हेंबर

'हो' चालेल. काही तक्रार नाही.

---

कुंभार्ली | ११ नोव्हेंबर

कूटवाल्यांचीही घ्या कधीतरी हजेरी. मी शोधतेय वेबसाइटवर, अजून सापडले नाहीत.

---

दाभोळखाडी | १२ नोव्हेंबर

चारांपैकी दोन मिळाले!! रात्री दोनपर्यंत बसले होते. गावाचं स्पेलिंग असं काही केलंय की मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं. एक मराठा पलटणीतला, बसऱ्याच्या आकड्यातला, आणि एक बोटीवर आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. बोटीवरच्याच्या पुढे वडलांचं नाव आहे आणि ते नाव आमच्या खालच्या वाडीत एका घरात अजून चालतं, आजोबांचं नातवाला. त्या घरच्या काकी गणपतीत आमच्याकडे आरतीला असतात, त्यांना यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही. भाऊ उद्या सकाळी पाटीचा फोटो घेऊन जातोय त्यांच्याकडे. काय म्हणतात ते कळवते.